हप्ते चालू असलेल्या फोनची बॅटरी दुपारीच उतरते तेव्हा

आधी लक्षणं बघा. यातलं कोणतं तुमच्या फोनला लागू आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

- सकाळी १०० टक्के करून निघालात, फोनवर फारसं काही केलं नाही, तरी जेवणाच्या वेळेला २० च्या खाली.
- रात्री झोपताना ८०, सकाळी उठून बघता तर ५५.
- खिशात नुसता पडलेला असताना मांडीला गरम लागतो.
- एका गावी ठीक चालतो, दुसऱ्या गावी गेलं की भराभर उतरतो.
- ४० वरून एकदम १२, किंवा २० दाखवत असतानाच बंद. चार्जरला लावला की पुन्हा १८-२० दाखवतो.
- तासभर चार्जरला लावूनही १०-१५ टक्केच चढतात.
- मागचं झाकण किंवा स्क्रीन कडेने उचलली गेली आहे, सपाट टेबलावर ठेवला की फोन डुलतो.

शेवटचं लक्षण दिसत असेल तर खालच्या तपासण्या करत बसू नका. बॅटरी फुगली आहे. आत वायू साठलेला असतो आणि बॅटरीतलं द्रावण पेट घेणारं असतं. फोन बंद करा, चार्जरला लावू नका, झाकण दाबून बसवू नका, टाचणी तर अजिबात टोचू नका. गादी-कपड्यांपासून लांब, फरशीवर ठेवा आणि त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला न्या. जुनी फुगलेली बॅटरी घरच्या कचऱ्यातही टाकायची नाही, ती सर्व्हिस सेंटरलाच जमा करायची.

बाकी सगळ्या लक्षणांसाठी घाई नाही. चिपळूणला माझं मोबाइल दुरुस्तीचं काउंटर आहे, आणि गेली काही वर्षं ही एकच तक्रार मी आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकतो. आणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी फोन हप्त्यांवर घेतलेला असतो. दुकानात आधार, पॅन, बँकेचं मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी), पाऊण तासात मंजुरी, आणि एरवी परवडला नसता असा फोन हातात. १२ महिने, १८ महिने, कधी २४. फोनमध्ये ५जी, १२० हर्ट्‌झचा स्क्रीन, चार कॅमेरे, सतत चालू राहणारं घड्याळ, आवाज ऐकून उत्तर देणारा सहायक. आणि त्याच्याबरोबर कर्ज देणाऱ्या कंपनीचं लॉक अ‍ॅप, जे हप्ता चुकला की फोन अडकवतं.

या लॉकमुळे आणि वॉरंटीमुळे हप्त्यावरच्या फोनला माझा नियम वेगळा आहे. असा फोन मी उघडत नाही. मी उघडला की वॉरंटी जाते, काही बिघडलं तर दोष कोणाचा यावर वाद होतो, आणि हप्ता मात्र महिन्याच्या ठरल्या तारखेला जातच राहतो. म्हणून खालचा क्रम असा लावला आहे की फुकटच्या गोष्टी आधी व्हाव्यात आणि स्क्रू काढायची वेळ सगळ्यात शेवटी यावी.

मागच्या मे महिन्यात एक आशाताई आल्या होत्या. १८ पैकी १४ हप्ते भरलेले. फोन दुपारी बंद पडतो म्हणून गावात कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, "ताई, एक्स्चेंजला टाका, नवीन घ्या, हप्ता तेवढाच बसेल." त्यांचं सर्वेक्षणाचं सगळं काम फोनवर, त्यामुळे त्या तयारही झाल्या होत्या. त्यांच्या फोनमध्ये दोष होता तो दुसऱ्या सिमचा. रिचार्ज संपून कित्येक महिने झालेलं ते सिम आतच होतं. ते बंद केलं आणि फोन संध्याकाळपर्यंत पुरू लागला. चार हप्ते राहिलेले असताना त्यांनी नवीन १८ गळ्यात घेतले असते.

एका रात्रीची तपासणी

सगळ्यात आधी हे करा, याला एक पैसा लागत नाही. दोन रात्री हव्यात. पहिल्या रात्री झोपताना टक्के लिहून ठेवा, फोन चार्जरला न लावता बाजूला ठेवा, सकाळी पुन्हा लिहा. दुसऱ्या रात्री तेच, पण विमान मोड चालू करून, वायफाय आणि ब्लूटूथही बंद आहेत ना ते बघून.

विमान मोडमध्ये दोन-तीन टक्केच उतरले आणि साध्या रात्री वीस-पंचवीस, तर रात्रीच्या उतरण्यात बॅटरीचा किंवा बोर्डाचा (आतल्या मुख्य सर्किटचा) दोष नाही. दोष नेटवर्कमध्ये आहे किंवा नेटवर्कवर सतत काहीतरी मागणाऱ्या अ‍ॅपमध्ये. विमान मोडमध्येही १० च्या वर उतरले तर एक तर एखादं अ‍ॅप फोनला झोपू देत नाही, किंवा आतल्या भागात गळती आहे. हा फरक कळला की निम्मं काम झालं. काउंटरवर फोन हातात घेऊन मला हे कळत नाही, कारण माझ्याकडे तुमची रात्र नसते. म्हणून आकडे लिहूनच आणा असं मी सगळ्यांना सांगतो.

त्याच वेळी सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर जाऊन कोणतं अ‍ॅप किती टक्के खातंय आणि स्क्रीन किती तास चालू होता, हे बघा. स्क्रीन सहा-सात तास चालू असेल तर फोन दुपारी उतरणारच. त्यात बिघाड काही नाही.

केबल, चार्जर आणि पिन

चार्ज हळू चढतो अशी तक्रार असेल तर दुसऱ्याच्या चांगल्या केबलने एकदा लावून बघा. केबल सगळ्यात आधी मरते, आणि ती अर्धवट मरते: चार्जिंगची खूण दिसते, करंट मात्र पुरेसा जात नाही. बऱ्याच कंपन्यांचं जलद चार्जिंग फक्त त्यांच्याच चार्जर-केबलच्या जोडीने चालतं. ८० वॉटचा फोन घरातल्या जुन्या १० वॉटच्या चार्जरला लावला तर तो हळूच भरणार.

मग टॉर्च मारून पिनमध्ये, म्हणजे केबल घालायच्या खाचेत, बघा. खिशातल्या कपड्याचा भुसा आत दाबला जाऊन तळाशी नमदा तयार होतो आणि केबल पूर्ण आत बसत नाही. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हळूच काढा. सुई नको, पिनच्या मधल्या पट्टीवरचे संपर्क ओरखडले जातात. केबल लावल्यावर पिनपाशी चटका बसण्याइतकं गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल तर मात्र थांबा, ते काम सर्व्हिस सेंटरचं.

नवीन चार्जर घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा आणि ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकून खात्री करा. रस्त्यावरचा दीडशे रुपयांचा चार्जर वीस हजारांच्या फोनला लावू नये, एवढंच म्हणेन.

रेंज

गणपतीत माझ्या काउंटरवर ही तक्रार सगळ्यात जास्त येते. चाकरमानी मुंबईहून येतो, तिथे फोन रात्रीपर्यंत चालत होता, गावी आल्यावर दुसऱ्याच दिवशी म्हणतो, बॅटरी गेली. बॅटरी गेलेली नसते. त्याचं घर दोन डोंगरांच्या मधल्या वाडीत असतं आणि फोन टॉवर शोधत असतो.

फोन फक्त ऐकत नाही, टॉवरला उत्तरही देतो. टॉवर जवळ असेल तर अगदी कमी ताकदीत भागतं. लांब असेल तर टॉवर त्याला सांगतो, मोठ्याने बोल, आणि फोन आपली ताकद वाढवत नेतो. ४जीच्या साध्या फोनला साधारण २०० मिलिवॉटपर्यंत जाता येतं. नेटवर्क पूर्ण गेलं की तो एकेक बँड (लहरींचा पट्टा) चाळत सुटतो, आणि सापडेपर्यंत हे चाळणं थांबत नाही. कोकण रेल्वेने आलेला माणूस तर बोगद्यांमधून आत-बाहेर करत येतो. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. प्रत्येक बोगद्यात फोन नेटवर्क सोडतो आणि बाहेर पडल्यावर पुन्हा पकडतो. घाटातून रोज एसटीने ये-जा करणाऱ्यांचंही तेच.

वरच्या काड्या बघून रेंज ठरवू नका. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, मग फोनविषयी, मग सिमची स्थिती, तिथे सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आकडा उण्यात असतो. उणे ८० ते ९५ असेल तर छान. उणे ११० च्या पलीकडे गेला की फोन कष्टात आहे. उणे १२० च्या आसपास असेल तर बॅटरी उतरण्याचं कारण सापडलं असं धरायला हरकत नाही. घरात ओटीवर, माजघरात आणि माळ्यावर वेगवेगळा आकडा येतो, हे स्वतः फिरून बघा. रात्री फोन ठेवायची जागा बदलूनच काहींचं काम झालं आहे.

५जीचं वेगळं सांगतो. भारतात ते १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. चिपळूण शहरात आता ते चांगलं चालतं, पण दहा-बारा किलोमीटर आत गेलं की त्याची फक्त कड पोहोचते. तिथे फोन ५जी पकडतो, सोडतो, ४जीवर येतो, पुन्हा ५जी पकडतो. शिवाय काही नेटवर्कांवर ५जी हे ४जीच्या आधारानेच चालतं, म्हणजे फोनला दोन्ही जोडण्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. अशा गावात सेटिंगमध्ये पसंतीचं नेटवर्क ४जी करून ठेवा. "पण मी ५जीचे पैसे भरलेत," असं मला पुष्कळ जण म्हणतात. शहरात गेलात की पुन्हा चालू करा. ते कुठे जात नाही.

घरी वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, मग फोन टॉवरमागे कमी धावतो. न वापरातलं दुसरं सिम बंद करा, त्या आशाताईंसारखं. आणि तुमच्या वाडीत एकाच कंपनीचा टॉवर जवळ असेल तर नंबर तिकडे नेणं हाच खरा इलाज. १९०० वर पोर्ट लिहून आपला नंबर पाठवला की कोड येतो. हप्त्याच्या कराराचा आणि सिम कंपनीचा सहसा संबंध नसतो, पण हप्त्यांचे मेसेज ज्या नंबरवर येतात तो नंबर तोच राहील एवढं बघा.

सोयी

विमान मोडमधली रात्र ठीक गेली, रेंजही बरी आहे, तरी दिवसा उतरतोय. मग पाळी सोयींची.

दुकानात फोन दाखवताना विक्रेता एकेक सोय चालू करून दाखवतो आणि ती चालूच राहते. घरी आल्यावर कोणी बंद करत नाही, कारण काय बंद करायचं ते माहीत नसतं, आणि मनात असतं की हप्ता याचाच भरतोय. माझं मत स्पष्ट आहे: पैसे मोजले ते सोय हवी तेव्हा मिळावी म्हणून. ती चोवीस तास चालू राहिली नाही तर तुमचं काही बुडत नाही.

एका बैठकीत हे सगळं बंद करा: सतत दिसणारं घड्याळ, फोन उचलला की जागा होणारा स्क्रीन, हाक मारली की उठणारा आवाजी सहायक, हलतं वॉलपेपर, लॉक स्क्रीनवर दर वेळी बदलणारी चित्रं आणि त्यांच्याबरोबरच्या जाहिराती, एनएफसी (फोन टेकवून पैसे द्यायची सोय), जवळच्या फोनना शोधणारं शेअरिंग. लोकेशनच्या पानावर आत जाऊन वायफाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंग असे दोन पर्याय असतात. तुम्ही वायफाय-ब्लूटूथ बंद केलं तरी हे दोन्ही मागे चालू असतात. तेही बंद. लॉक स्क्रीनवरची चित्रं तर आधी बंद करा. ती नेटवरून सारखी उतरवली जातात, आणि आजवर मला कोणी सांगितलेलं नाही की ती त्यांना हवी होती.

मग दोन दिवस फोन तसाच वापरा. सुधारला तर रोज एकच सोय परत चालू करा आणि रात्री टक्के लिहा. एकदम चार चालू केल्या तर कोणत्या सोयीने खाल्लं ते कळत नाही. हे कंटाळवाणं आहे, पण आठवडाभरात तुमच्या फोनची नेमकी उधळपट्टी तुम्हाला सापडते, आणि ती शेजाऱ्याच्या फोनपेक्षा वेगळी असू शकते.

स्क्रीनचा उजेड सगळ्यात जास्त खातो. उन्हात स्क्रीन आपोआप पूर्ण उजळतो, तेव्हा सावलीत जाऊन बोला. १२० हर्ट्‌झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला १२० वेळा नवीन चित्र काढतो. ६० वर आणला तर सरकवताना थोडा फरक जाणवेल, बॅटरीत मात्र चांगला फरक पडतो. डार्क मोडचा फायदा फक्त अ‍ॅमोलेड स्क्रीनला होतो, कारण त्यात काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका. एलसीडी स्क्रीनच्या मागचा दिवा काळ्या चित्रातही जळतच असतो, त्यामुळे तिथे डार्क मोड डोळ्यांना बरा वाटतो तेवढाच.

अ‍ॅप, आणि त्यातलं लॉक अ‍ॅप

परवानग्यांच्या पानावर लोकेशन बघा. "नेहमी" असं लिहिलेली अ‍ॅप एकेक करून "वापरताना फक्त" वर आणा. रिक्षा, टेम्पो, डिलिव्हरीवाल्यांना त्यांचं कामाचं अ‍ॅप तसंच ठेवावं लागतं, बाकी कोणालाच लागत नाही. बॅटरी वाचवतो, रॅम साफ करतो म्हणणारी अ‍ॅप काढून टाका, तीच पाठीमागे सतत चालतात. आणि दर पाच मिनिटांनी सगळी अ‍ॅप वर सरकवून बंद करायची सवय सोडा. प्रत्येक वेळी ती नव्याने उघडताना जास्त खर्च होतो.

आता लॉक अ‍ॅप. बरेच जण फोन पुढे करताना म्हणतात, "दादा, हे फायनान्सवाल्यांचंच काम आहे." मी बॅटरीच्या पानावर बघतो, तर मला बहुतेक वेळा ते एक-दोन टक्क्यांवरच दिसतं. ते अधूनमधून सर्व्हरशी बोलतं, बाकी वेळ झोपलेलं असतं. तेव्हा आधी पुरावा बघा. ते खरंच जास्त खात असेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी तक्रार करा, फोनवर नुसतं बोलू नका. तक्रार क्रमांक जपा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १४४४८ वर मराठीतही माहिती मिळते.

ते अ‍ॅप काढून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. असे फोन नंतर माझ्याकडे येतात. सॉफ्टवेअर अर्धवट बसवलेलं, नेटवर्क गेलेलं, बँकेचं अ‍ॅप उघडत नाही, आणि आतले फोटो-कागदपत्रं कोणाच्या हाती गेली ते माहीत नाही. करार मोडल्याची जबाबदारी वर वेगळीच. तो फोन सर्व्हिस सेंटरही वॉरंटीत घेत नाही.

नुकतंच मोठं अपडेट आलं असेल तर दोन-तीन दिवस थांबा. फोन फोटो आणि फाइली नव्याने लावत असतो, त्यात बॅटरी जाते आणि मग आपोआप ताळ्यावर येतं. चौथ्या दिवशीही तसंच असेल तर सेफ मोडमध्ये एक रात्र काढा. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली अ‍ॅप चालत नाहीत. तिथे फोन सुधारला तर शेवटी टाकलेल्या अ‍ॅपपासून उलट्या क्रमाने एकेक काढत चला.

ऊन आणि पाणी

लिथियमच्या बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता. अ‍ॅपल आपल्या फोनसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश सांगतं, आणि त्यावरच्या उष्णतेने बॅटरीची क्षमता कायमची घटते असंही सांगतं. इतर कंपन्यांच्या बॅटऱ्याही याच जातीच्या. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ३५ सावलीतच असतं. एका रिक्षावाल्या दादांचा जेमतेम सहा महिन्यांचा फोन थकलेला निघाला. काचेला चिकटवलेला होल्डर, वरून ऊन, नकाशा चालू, त्याच वेळी चार्जिंग, आणि फोनला जाड रबरी कव्हर. चारही उष्णता एकत्र. होल्डर काचेवरून खाली सावलीत घेतला, नकाशा चालू असताना चार्जिंग बंद, कव्हर पातळ. पुढची झीज त्याने थांबते, झालेली मात्र भरून येत नाही, हेही त्यांना सांगितलं. फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर रात्रभर चार्जरला लावणाऱ्यांनी ती जरूर वापरावी. वरच्या सगळ्या सोयींमध्ये मला ही सर्वांत उपयोगाची वाटते.

पाण्याबद्दल आम्हा चिपळूणकरांना सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर कित्येक महिने मी गंजलेले बोर्ड बघत होतो. आत ओल शिरली की धातूवर गंज चढतो आणि त्यातून थोडा थोडा करंट सतत झिरपत राहतो, फोन झोपलेला असला तरी. आयपी६८ (पाणी-धूळ आत न शिरण्याचा दर्जा) लिहिलेला फोनही प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, स्थिर पाण्यातच तपासलेला असतो. पुराच्या किंवा समुद्राच्या पाण्याची हमी त्यात नाही, आणि पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक वॉरंट्यांत बसत नाही. फोन भिजला असेल आणि विमान मोडमध्येही उतरत असेल तर घरचे उपाय संपले. तांदळात पुरून ठेवल्याने गंज निघत नाही.

बॅटरीची तब्येत

आयफोनमध्ये सेटिंग, बॅटरी, बॅटरी हेल्थ इथे मूळ क्षमतेच्या किती टक्के उरली ते दिसतं. आयफोन १४ पर्यंतच्या फोनची बॅटरी ५०० पूर्ण चार्जिंगनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली आहे, आयफोन १५ पासून ती १,००० चार्जिंगची. सॅमसंगमध्ये सॅमसंग मेंबर्स अ‍ॅपमध्ये तपासणीचा भाग आहे. इतर काही अँड्रॉइड फोनमध्येही आता बॅटरीच्या पानावर तब्येत दिसते.

८५ च्या वर असेल तर बॅटरीला दोष देऊ नका, पुन्हा रेंज आणि सोयींकडे वळा. ८० च्या खाली असेल तर ती बदलायची झाली आहे. ४० वरून १२ वर पडणं किंवा २० ला बंद होणं हे बहुधा इथलंच लक्षण. थकलेल्या बॅटरीचा आतला रोध वाढतो. कॅमेरा किंवा कॉल सुरू झाला की एकदम करंट मागितला जातो, व्होल्टेज खाली बसतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. चार्जरला लावल्यावर भार उतरतो, म्हणून पुन्हा २० दिसतात.

फॅक्टरी रिसेट

तब्येत चांगली, रेंज चांगली, सेफ मोडमध्ये सुधारतो पण दोषी अ‍ॅप सापडत नाही, तेव्हाच रिसेट. आधी गुगल खात्याचा पासवर्ड आठवतोय ना याची खात्री करा, नाहीतर रिसेटनंतर फोन तुम्हालाच ओळखणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या. अँड्रॉइडवर तो आता गुगलच्या फुकट १५ जीबीमध्येच मोजला जातो, जागा आहे का ते बघा. हप्ते चालू असतील तर रिसेटने लॉक अ‍ॅप जात नाही, नेट लागलं की परत येतं. काही फोनमध्ये रिसेटचा पर्यायच बंद केलेला असतो. तसं असेल तर बटणं दाबून जबरदस्तीने करू नका, फोन तिथेच अडकू शकतो. कर्ज कंपनीला विचारून सर्व्हिस सेंटरमध्ये करून घ्या.

इथे थांबा, सर्व्हिस सेंटर गाठा

बॅटरी फुगली असेल, फोन भिजलेला असेल, पिन तापत असेल, तब्येत ८० च्या खाली असेल, किंवा सेफ मोड आणि विमान मोड दोन्ही असतानाही रात्रीत १० टक्क्यांच्या वर उतरत असतील, तर पुढे घरी काही करू नका. माझ्यासारख्याकडेही आणू नका. कंपनीच्या अधिकृत केंद्रातच न्या.

जाण्याआधी बिल आणि वॉरंटीचा कागद काढा. बऱ्याच कंपन्यांची फोनची वॉरंटी १२ महिने आणि खोक्यातल्या चार्जर-केबलची ६ महिने असते. बॅटरीबद्दल त्या कागदावर काय लिहिलंय ते नीट वाचा. मग हप्त्याचं विवरण वाचा. फोन घेताना संरक्षण योजना किंवा वाढीव वॉरंटी जोडलेली असते, तिचे पैसे हप्त्यातून जात असतात आणि ती आहे हेच घरात कोणाला ठाऊक नसतं. वर्षभरात तीन-चार जणांचं काम मी फक्त हा कागद वाचून दिल्यामुळे फुकटात झालं आहे.

फोन देताना बॅकअप घ्या. मेंटेनन्स मोड किंवा रिपेअर मोड असेल तर तो चालू करा, म्हणजे पासवर्ड न देता काम होतं आणि तुमचे फोटो कोणाला दिसत नाहीत. जॉबशीटवर (फोन जमा केल्याच्या पावतीवर) तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: "विमान मोडमध्ये आठ तासांत १८ टक्के उतरते." नुसतं "बॅटरी प्रॉब्लेम" लिहू देऊ नका. बोर्ड बदलला तर फोनचा आयएमईआय (त्या फोनचा ओळख क्रमांक) सहसा बदलतो. नवा क्रमांक जॉबशीटवर घ्या आणि तो कर्ज कंपनीला व विमा असेल तर तिथे ईमेलने कळवा, नाहीतर कागदावर एक फोन आणि हातात दुसरा, असं होऊन बसतं.

फोन आठवडाभर केंद्रात अडकला तरी हप्ता थांबत नाही. खात्यात पैसे ठेवा. हप्ता परत गेला तर बँक आणि कर्ज कंपनी दोघांचा दंड लागतो आणि क्रेडिट स्कोअरवर डाग पडतो. वॉरंटीत असूनही केंद्र दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

बॅटरी पदरचे पैसे घालून बदलावी लागली तरी हिशेब करा. २४,००० च्या फोनचा १२ महिन्यांचा हप्ता २,००० बसतो, आणि "नो-कॉस्ट" म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी सहसा वर असतो. माझ्या पाहण्यातल्या मध्यम किमतीच्या फोनची अस्सल बॅटरी, मजुरी धरून, एखाद्या हप्त्याच्या आसपास येते. त्यासाठी फोन एक्स्चेंजला टाकून नवा करार करण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

शेवटचा हप्ता गेला की कर्ज कंपनीकडून ना हरकत प्रमाणपत्र मागून घ्या आणि लॉक अ‍ॅप काढायला सांगा. सेटिंगमध्ये डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅपच्या यादीत त्याचं नाव अजून आहे का ते स्वतः बघा, कधी कधी ते आठवडाभर रेंगाळतं. वॉरंटीही संपलेली असेल आणि ते नाव यादीतून गेलं असेल, तर मग फोन खुशाल घेऊन या. बॅटरी बदलायला मला चाळीस मिनिटं लागतात.